खरं सांगायचं तर: बिल २४०० चं, प्रवास ६४० चा

सलाम मंडळी. या महिन्यात पत्रं जरा जास्तच आलीत, व्हॉट्सॲपवर पण आलीत, एकाने तर चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली त्यात निम्मी ठाणे स्टेशनची अनाउन्समेंटच ऐकू येतेय. सगळी घेता नाही आली, चार घेतलीत. नवीन वाचणाऱ्यांसाठी परत सांगते, मी मूळची नगरची, लग्न होऊन १९८१ ला कळव्यात आले, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला ३१ वर्षं काढली, आता रिटायर, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत वडील आहे, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. हो, बाई पण वडील असते, त्यावर परत पत्रं पाठवू नका.

*

काकू, सलाम. मी २६ वर्षांचा, महापेला सर्व्हिस इंजिनीअर आहे. आमची सात जणांची टीम, कस्टमरकडे जावं लागतं, तळोजा, अंबरनाथ, पाताळगंगा असं. कंपनी कॅबचे पैसे देते. जातात सगळे लोकलने नाहीतर शेअर रिक्षाने नाहीतर कोणाच्या तरी बाइकवर डबलसीट, आणि बिल लावतात कॅबचं. मी जेवढं झालं तेवढंच लावतो. मागच्या महिन्यात माझं ६४० झालं, बाकी सगळ्यांचं २४०० च्या आसपास, तर मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं याचंच एवढं कमी कसं. नंतर आमचा सीनियर मला टपरीवर घेऊन गेला (मला मोठ्या भावासारखा आहे, जॉइन झालो तेव्हा सगळं त्यानेच शिकवलं) आणि म्हणाला तू पण दोन हजाराच्या वर लावत जा, नाहीतर आमची वाट लागेल, तुला ते पैसे नको असतील तर चर्चमध्ये टाक. आता सगळे मला पाद्री म्हणतात आणि चहाला हाक मारत नाहीत. मला भांडण नकोय पण खोटं पण लिहायचं नाहीये. काय करू?
ता. क. एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या टॅक्स सवलतीसाठी) मी पप्पांच्या नावाच्या भाडेपावत्या लावतो, पैसे देत नाही, पण ते सगळेच करतात, ते वेगळं ना?
– र., कळवा

अरे बाळा, पत्र वाचताना माझी छाती फुगत चालली होती, म्हटलं आपल्या कळव्याचा पोरगा, आणि मग तुझा ता. क. आला. त्याच्याकडे येते, सुटणार नाहीयेस तू.

आधी ते ‘चर्चमध्ये टाक’. तुझा सीनियर माणूस हुशार आहे, त्याला बरोब्बर कळलंय की तुझी अडचण पैशाची नाही, मनाची आहे, म्हणून त्याने मनासाठीच सोय करून दिली. आणि खरं सांगायचं तर आपल्या दानपेट्यांत असे पैसे पडत नाहीत असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, मी मोजलेत ते पैसे. पण १७६० रुपये कंपनीच्या खिशातून काढून देवाच्या पेटीत टाकले की तो दशांश (कमाईतला देवाला द्यायचा दहावा भाग) होत नाही, ती चोरीच राहते आणि वर देवाला भागीदार केलं जातं.

आता माझी एक गोष्ट सांगते, मिरवायची नाहीये. २००५. तो २६ जुलैचा पाऊस, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो. माझ्या डिपार्टमेंटला एक जण होता, माझ्याबरोबरच लागलेला, माझ्या दोन्ही बाळंतपणात माझं काम ओढलं त्याने, डबा आम्ही एकत्र खायचो. तो पेटी कॅशमधून बारीक बारीक व्हाउचर काढायचा, ऐंशी रुपये, सव्वाशे रुपये. मला दिसायचं. पासिंगची सही माझी लागायची आणि मी करायचे, आता एवढ्याशासाठी कोण वाईट होणार. सप्टेंबरमध्ये ऑडिटर आला, पोरगेलासाच, व्हाउचरची फाइल चाळतोय, चाळतोय आणि थांबला. रिक्षाभाडं, वागळे इस्टेट ते मुलुंड चेकनाका, ८५ रुपये, तारीख २७ जुलै २००५. म्हणतो, ‘मॅडम, त्या दिवशी रिक्षा चालू होती का होडी?’ सगळे हसले. मी पण हसले. मग मॅनेजरने विचारलं हे कोणी आणलं, तर माझा मित्र म्हणाला शिपायाने दिलं. शिपाई बिचारा साताऱ्याकडचा, त्याला काही आठवेना, त्याला मेमो द्यायचं ठरलं. आणि मी, जी रविवारी पुढच्या बाकावर बसते, गप्प बसले. एक दिवस नाही, तीन दिवस.

त्या तीन दिवसांत मला पेत्र कळला, येशूला धरून नेलं त्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा त्याचाच शिष्य. आपल्याला नेहमी वाटतं पेत्राने प्रभूला नाकारलं म्हणजे काहीतरी मोठं कोर्टबिर्ट भरलेलं असेल. रोमी सुभेदार पिलातासमोर नव्हता रे तो. शेकोटीजवळ होता, एक मोलकरीण आणि शेकत बसलेली चार माणसं, थंडी वाजतेय म्हणून जवळ सरकलेला. आपल्या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू विश्वासापायी मारले गेले, लोक हे विसरलेत, पण झालंय ते इथेच. तुझ्या-माझ्यावर तशी वेळ येत नाही, आपल्याला कोणी तलवार दाखवत नाही, कटिंग चहा दाखवतात. आणि टपरीवरच्या ऊबेसाठी माणूस जे बोलून जातो ना ते तलवारीपुढे नसतं बोललं.

चौथ्या दिवशी मी आधी मित्राला सांगितलं की मी माझ्या सहीचं सांगणार आहे, तुझं तू बघ, आणि मग केबिनमध्ये जाऊन सांगितलं की न बघता सही मी केलीय, असे आणखी पण असतील, शिपायाला सोडा. खरं तर बघूनच केली होती, म्हणजे तिथेही अर्धंच खरं बोलले, आज लिहिताना लक्षात येतंय. माझं त्या वर्षीचं इन्क्रिमेंट गेलं. मित्र शेवटपर्यंत धड बोलला नाही, रिटायरमेंटला हार घातला तेवढाच.

तर तू. बिल जेवढं झालं तेवढंच लाव, त्यावर चर्चा नको. सीनियरला एकट्याला गाठ, सगळ्यांसमोर नको, आणि ‘देव बघतोय’ वगैरे अजिबात म्हणू नकोस, त्याने त्याला वाटेल तू स्वतःला देवाच्या शेजारी बसवतोयस. म्हण, दादा तू मला काम शिकवलंस, तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, पण हे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. बस. मॅनेजरने परत विचारलं तर आपलं सांगायचं, लोकलने गेलो, पुढे शेअर रिक्षा, म्हणून ६४०. बाकीच्यांचं का जास्त असं विचारलं तर ‘त्यांनाच विचारा सर’, हे खोटं नाही. पण ‘ते कॅबने जातात’ असं तुझ्या तोंडून निघता कामा नये, तिथे रेघ आहे. पोरं म्हणतील हीच चुगली. म्हणू देत, पण तू मुद्दाम सांगायला पण जाऊ नकोस.

आणि अकाउंट्सवाली बाई म्हणून एक सांगते, या असल्या बिलांचं मूळ बऱ्याचदा लबाडीत नसतं, पद्धतीत असतं. कंपनी कॅबचेच पैसे देते, मग जो उन्हात लोकल पकडून, घामाघूम होऊन जातो त्याला वाटतं मी वाचवलेले पैसे माझे. बऱ्याच ठिकाणी कस्टमर व्हिजिटला ठरलेला भत्ता असतो, तळोज्याला एवढे, अंबरनाथला एवढे, तू विमानाने जा नाहीतर चालत जा. मग राहिलेले पैसे हक्काचे, खोटं कोणालाच लिहावं लागत नाही. हे तू सीनियरला सुचव, त्याच्या नावाने मॅनेजरकडे जाऊ दे, श्रेय त्याला मिळू दे. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात आहे बघ, जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे बाप्तिस्म्याला आले आणि विचारलं आम्ही काय करावं, तर त्याने नोकरी सोडा नाही सांगितलं, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना म्हणाला पगारात समाधान माना. टीए बिलावर याच्याहून स्पष्ट मला बायबलमध्ये काही सापडलेलं नाही.

चहाला हाक मारत नाहीत तर तू जा, आणि पैसे तू दे. पाद्री म्हणाले तर म्हण, चला पाद्री पाजतोय चहा.

आता तुझा ता. क. ते वेगळं नाही रे राजा. ते अगदी तेच आहे, फक्त तिथे सीनियर तू आहेस. घर खरंच पप्पांच्या नावावर असेल तर त्यांना खरंच भाडं दे, बँकेतून, दर महिन्याला, पप्पांनी ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचं (घरभाड्यावर त्यांना ३० टक्के वजावट पण मिळते), वर्षाला लाखाच्या वर गेलं तर त्यांचा पॅन द्यायचा, सगळं कायद्यात बसतं. नुसती पावती फाडणं बसत नाही, चुकीची माहिती दिली म्हणून धरलं तर चुकवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड आहे. शिवाय नवीन टॅक्स रिजीम घेतली असशील तर एचआरएची सूट मिळतच नाही, म्हणजे कदाचित तू फुकटच खोटं लिहितोयस! आधी ते बघ. आणि मग सीनियरशी बोलायला जा, जरा खालच्या आवाजात बोलशील.

*

काकू, मी एरोलीला राहते, वाशीला सेकंड इयरला आहे. माझ्या आडनावावरून कळत नाही आम्ही ख्रिस्ती आहोत, मी पण सांगितलेलं नाही. रविवारी कुठे असतेस विचारलं की मामाकडे सांगते. मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये विषय निघाला आणि एक जण म्हणाली ते लोक काय, तांदळाच्या पोत्यासाठी बाटतात, सगळे हसले आणि मी पण हसले. घरी येऊन खूप रडले. दुसरं असं की माझा दाखला एससीचा आहे, हिंदू म्हणून, पप्पांनी काढलाय, फी त्यावरच माफ होते. माझ्या आजोबांपासून आम्ही चर्चला जातो. येत्या ईस्टरला माझं दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) आहे आणि पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे माझ्या विश्वासाबद्दल सगळ्यांसमोर बोलायला सांगितलंय. मी कुठल्या तोंडाने उभी राहू?
– नाव छापू नका

नाही छापत गं.

तू हसलीस ते मी वाचलं, आणि वर माझं हसणं तू वाचलंच असशील, तर आपण दोघी एका बाकावर. पहिलं हे, की मैत्रिणींना रविवारचं सांगायला साक्ष वगैरे द्यावी लागत नाही. ‘कुठे असतेस’ म्हटलं की ‘चर्चला’, आणि पुढे ‘मामा पण येतो’. एवढं सोपं. सगळ्यांना एकदम सांगू नकोस, ती जिच्या शेजारी ट्रान्स हार्बरला बसून जातेस ना, तिला सांग आधी. तांदळाचं बोलली तिला पण सांग, एकटीला, की मी त्यातलीच आहे आणि त्या दिवशी मी हसले पण मला लागलं. तिला वाईट वाटेल किंवा नाही वाटणार. बहुतेक वाटेल, कँटीनमध्ये माणसं जेवढी क्रूर बोलतात तेवढी नसतात.

आणि तांदळाचं म्हणशील तर, दुष्काळात लोक मिशनकडे गेले, धान्य मिळालं, हे घडलेलंच आहे, आमच्या नगर जिल्ह्यात तर घडलंच, लाजायचं काय त्यात. भुकेल्याला जेवायला घालणाऱ्याकडे माणूस जाणारच. माझी पणजी गेली होती. पण तांदूळ संपून शंभर वर्षं झाली आणि आम्ही अजून गातोय त्याचं काय करायचं ते त्यांनी सांगावं.

उलट बाजूने पण बघ. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तर त्यांची बायको लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या, घर मोडल्यासारखं झालं, त्या स्वतःच्या मनाने पुढे १९०० मध्ये आल्या. त्याच टिळकांच्या नगरच्या घरात बालकवी येऊन राहायचे, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं केलं, आणि बालकवी काही ख्रिस्ती झाले नाहीत, त्या घरात ते ठोंबरेच राहिले. मला हे फार आवडतं. टिळक कोण आहेत हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं, लपवलं काहीच नव्हतं, आणि तरी त्या घरात दुसऱ्या विश्वासाचा कवी सुखाने झोपायचा. तुझ्या मैत्रिणींना तुझ्याशेजारी तसं वाटलं म्हणजे झालं, त्यांना आणायचं कुठे नाहीये.

आता दाखला. हे अवघड आहे आणि मी सोपं करून सांगणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. बाप्तिस्म्याने जात धुतली जाते असा सरकारचा हिशोब. ती धुतली जात नाही हे आपल्याला घरीदारी माहीत आहे, आणि चर्चमध्ये पण माहीत आहे, लग्न जमवताना आपली माणसं काय काय विचारतात ते मी ऐकलंय, ते लिहीत नाही इथे. या आदेशाविरुद्ध २००४ पासून सुप्रीम कोर्टात याचिका आहेत, हा दर्जा द्यायचा का ते बघायला २०२२ ला सरकारने बाळकृष्णन आयोग नेमला. पण कायदा आज आहे तो असा आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुद्दुचेरीच्या एका बाईंच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं की विश्वास ख्रिस्ती पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू एससीचा दाखला मागायचा हे चालणार नाही, घटनेशी फसवणूक आहे म्हणाले. तेव्हा उद्या नोकरीला लागल्यावर पडताळणी होते, ते लटकतं डोक्यावर, हे पप्पांना कळलं पाहिजे.

मी काय म्हणते? कायदा मला अन्यायाचा वाटतो. तरी खोटं लिहून त्याच्यावर सूड उगवता येत नाही, त्या खोट्याखाली आपलीच पोरं वाकतात, तू वाकलीयस. पप्पांना दोष देऊ नकोस, त्यांनी मुलगी शिकावी म्हणून केलं, त्या वेळी त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं असं धरून चाल. पण आता तू १८ पूर्ण आहेस. इथून पुढचा फॉर्म तू स्वतः भरशील त्यात तुझ्या हाताने खोटं जाऊ नये एवढं तरी ठरव, आणि आधीच्या दाखल्याचं काय करायचं ते एखाद्या वकिलाला विचारून करा, घाबरून घाईघाईत कुठे लिहून देऊ नका. आणि दृढीकरणाच्या आधी पप्पांबरोबर बस, कागद घे, दोन वर्षांची फी किती होते ते आकड्यात मांड. लाखात गेल्यासारखं वाटतं, मांडलं की बऱ्याचदा हजारात निघतं.

आणि हे आता पाळकांसाठी आणि माझ्यासकट सगळ्या वडीलांसाठी. मंडळीने व्यासपीठावरून खरं बोला म्हणायचं आणि खऱ्याची फी मात्र एकोणीस वर्षांच्या पोरीने भरायची, हे मला पटत नाही. नवीन साउंड सिस्टिमला आमच्याकडे तीन आठवड्यांत पैसे जमले. या मुलीच्या फीला किती आठवडे लागतील? तू तुझ्या पाळकसाहेबांना हे पान दाखव.

साक्षीत काय बोलायचं? जे मला लिहिलंस ते. दाखल्याचं सगळ्यांसमोर बोलू नकोस, तो घरचा विषय आहे आणि त्यात पप्पा पण आहेत. कँटीनचं सांग. ‘मी हसले’ हे सांग. आत्तापर्यंत ऐकलेल्या साक्षींपेक्षा लोक जास्त लक्ष देऊन ऐकतील, कारण खाली बसलेल्यांत कोण कोण कुठे कुठे हसलंय ते ज्याचं त्याला माहीत असतं.

*

घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीत ख्रिस्ती घरं तीनच. यंदा गणपती कमिटीने मला खजिनदार हो म्हणून गळ घातलीय, म्हणतात गेल्या वर्षी हिशोबात घोळ झाला, तुम्ही लोक पैसे खात नाही. आमच्या प्रार्थना गटातले म्हणतात मूर्तीच्या पैशाला हात लावायचा नाही. हो म्हणू की नाही?
– डी., ठाणे पश्चिम

‘तुम्ही लोक पैसे खात नाही’! ही साक्ष तुमच्याबद्दल दुसऱ्यांनी दिलीय, फुकट, न मागता.

यावर आपल्यात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझ्या घरातच आहेत. माझा धाकटा दीर रबाळ्याला एमआयडीसीत होता, खंडेनवमीला मशीनला हार घालायची वेळ आली की तो बाजूला उभा राहायचा, नारळ फोडायला नाही म्हणायचा, पण आदल्या दिवशी मशीन तोच सगळ्यात लख्ख पुसून ठेवायचा, तेल घालून. प्रसादाचा पेढा पण घ्यायचा नाही. मी घेते. शेजारच्या वहिनी मोदक आणतात ते मी शेजाऱ्याचं प्रेम म्हणून घेते आणि खाते, नाताळला माझ्या करंज्या त्यांच्याकडे जातात. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात म्हणतो समोर वाढलंय ते विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता खा, आणि तोच म्हणतो की तुझ्या खाण्याने दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर नको खाऊस. म्हणून दीर जेवायला असला की मी मोदक काढत नाही. भांडण नाही आमचं.

तुमचं काम पूजेचं नाही, पैशाचं आहे, मी असते तर हो म्हटलं असतं. पण आधीच सांगून टाका, लेखी नको, असंच बोलता बोलता, की हिशोब मी ठेवीन, आरतीचं ताट माझ्या हातात देऊ नका. नामान आठवतो का, तो अरामी सेनापती, बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला माझा राजा त्यांच्या रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो तेव्हा मला पण वाकावं लागेल, एवढं माफ व्हावं. अलीशाने लेक्चर नाही दिलं, ‘शांतीने जा’ म्हणाला. मला नेहमी वाटतं अलीशा आपल्या एखाद्या प्रार्थना गटात असता तर त्याला काढून टाकलं असतं.

तुमच्या मनाला मात्र टोचत असेल तर नाही म्हणा, माझ्या भरवशावर हो म्हणू नका. आणि हो म्हणालात तर वर्गणीची पावतीबुकं नंबर टाकून द्या, किती दिली किती परत आली ते लिहा, ढोलवाल्याला रोख देऊ नका, आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत हिशोब नोटीस बोर्डावर. घोळ नेहमी शेवटच्या दोन दिवसांच्या रोखीत होतो, देवाचा काही संबंध नसतो त्यात.

*

माझा मुलगा सहावीत आहे, डबा खायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करतो तर मुलं त्याचा डबा पळवतात. तो म्हणतो आता मी करणार नाही. त्याला काय सांगू?
– एक आई, नेरूळ

डबा पळवतात हे आधी वर्गशिक्षिकेला सांगा, तो विश्वासाचा प्रश्न नाही, भुकेचा आहे.

प्रार्थनेचं म्हणाल तर डोळे उघडे ठेवून करता येते की! प्रभूने तर दार लावून करा म्हटलंय, दाखवायला करू नका म्हटलंय, मग सहावीतल्या पोराने डोळे किती मिटले ते आपण कशाला मोजायचं. मी नगरला शाळेत असताना डब्याचं झाकण उघडता उघडता मनात म्हणायचे, झाकण घट्ट असायचं पितळेचं, ते निघेपर्यंत प्रार्थना पुरी व्हायची, कोणाला कळायचं नाही. पण त्याच्यावर हे पण लादू नका. त्यालाच विचारा, कशी करायचीय तुला? आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्या. पळवणाऱ्यांत एक जण नेहमी पुढे असतो, त्याचं नाव काय, त्याच्या डब्यात काय असतं, हेही विचारा. माझ्या धाकट्याच्या वेळी असंच झालं होतं, विचारल्यावर कळलं की तो पुढे असणारा पोरगा डबाच आणत नव्हता. मग आम्ही दोन चपात्या जास्त द्यायला लागलो.